रोमँटिक काळातल्या तैलचित्राची प्रिंट करून घेताना: अंधार कसा जपायचा

चित्र जेमतेम ३४.९ सेंटिमीटर उंच आणि ४३.८ सेंटिमीटर रुंद आहे. ए-थ्री कागदाहून थोडंसंच मोठं. रानातल्या वाटेवर दोन माणसं पाठमोरी उभी आहेत, धाकट्याने थोरल्याच्या खांद्यावर हात टेकवला आहे. उजवीकडे मुळं उघडी पडलेला एक जुना ओक कलंडला आहे आणि दोघांच्या नजरेसमोर मावळतीला लागलेला चंद्र. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश (१७७४–१८४०) यांनी साधारण १८२५ ते १८३० च्या दरम्यान 'चंद्र न्याहाळणारे दोन पुरुष' हे चित्र रंगवलं. थोरला माणूस म्हणजे फ्रीडरिश स्वतः आणि धाकटा म्हणजे त्यांचा तरुण सहकारी आउगुस्ट हाइनरिश, असं मानलं जातं. हाइनरिश १८२२ मध्येच वारला होता. ते कळल्यापासून खांद्यावरचा तो हात मला वेगळाच दिसतो.

या चित्राची पहिली प्रिंट मी करून घेतली तेव्हा फाइल चांगली होती, कागद महागाचा होता, आणि तरीही हातात आला तो तपकिरी रंगाचा एक सपाट आयत. दोघांचे कोट, पायाखालची जमीन, ओकची मुळं, सगळं एकाच डागात मिसळून गेलं होतं. खांद्यावरचा हात शोधूनही सापडेना. चंद्र तेवढा लख्ख उमटला होता.

नव्याने प्रिंट घेणाऱ्याने हे आधीच समजून घेतलेलं बरं. रोमँटिक चित्रकारांनी चित्राचा जीव संधिप्रकाशात, धुक्यात, धुरात आणि सावलीत ठेवला आहे. उजळ भाग कुठलाही छपाईवाला नीट छापून देतो. गडद भागात एकमेकांना लागून असलेल्या चार छटा वेगळ्या ठेवणं हे खरं काम, आणि पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: चित्र निवडा आणि त्याचं खरं माप पाहा

पडद्यावर सगळी चित्रं सारख्याच आकाराची दिसतात. फ्रेंच चित्रकार जेरिको यांचं 'मेड्युसाचा तराफा' (१८१८–१९) प्रत्यक्षात ४९१ बाय ७१६ सेंटिमीटर आहे, म्हणजे एका खोलीची अख्खी भिंत. त्यातली माणसं बघणाऱ्याच्या अंगावर येतात ती त्या आकारामुळे. तेच चित्र ४० सेंटिमीटरवर आणलं की उरते फक्त रचना. माझा सल्ला असा की पहिल्या प्रिंटसाठी असं चित्र घ्या, जे मूळ मापात किंवा त्याच्या जवळपास छापता येईल. फ्रीडरिश यांची छोटी चित्रं यासाठी फार सोयीची आहेत. हॅम्बुर्गमधलं त्यांचं धुक्याच्या समुद्राकडे पाहणारा वाटसरू असलेलं चित्रसुद्धा (साधारण १८१७–१८) ९४.८ बाय ७४.८ सेंटिमीटरच आहे, तेही मूळ मापात छापणं शक्य आहे. मूळ मापातल्या प्रिंटसमोर उभं राहिलं की चित्रकार कॅनव्हासपासून किती अंतरावर उभा असेल ते आपसूक कळतं.

एकाच चित्राच्या अनेक आवृत्त्या असू शकतात, हेही ध्यानात असू द्या. चंद्र पाहणारे हे दोघे फ्रीडरिश यांनी १८१९ च्या सुमारास आधी रंगवले, ते चित्र ड्रेस्डेनला आहे. बर्लिनच्या चित्रात दोन पुरुषांऐवजी एक पुरुष आणि एक स्त्री आहे. वर वर्णन केलेलं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं. नुसतं नाव टाकून शोधलं तर तिन्हींची सरमिसळ समोर येते, आणि तयार प्रिंट विकणारेही एकाचं नाव दुसऱ्याखाली घालतात. म्हणून संग्रहालयाचं नाव, वर्ष आणि माप या तिन्ही गोष्टी जुळवून मगच पुढे जा.

दुसरी पायरी: फाइल मिळवा, पण संग्रहालयाकडूनच

शोधयंत्रात दिसलेलं पहिलं चित्र उतरवून घेऊ नका. ते कुणीतरी पुस्तकातून स्कॅन केलेलं असतं, कुणी रंग भडक केलेले असतात, कुणी कडा छाटलेल्या असतात. संग्रहालयाने स्वतः काढलेल्या छायाचित्रात प्रकाश दोन्ही बाजूंनी सारखा असतो आणि रंगपट्टी शेजारी ठेवून रंग तपासलेले असतात.

हक्कांचं थोडक्यात सांगतो. १८४० मध्ये वारलेल्या चित्रकाराच्या चित्रावर आता कुणाचाच कॉपीराइट नाही. प्रश्न असतो तो चित्राच्या छायाचित्राचा. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशातल्या १४ व्या कलमानुसार, कॉपीराइटमधून मुक्त झालेल्या दृश्यकृतीच्या हुबेहूब छायाचित्राला नव्याने संरक्षण मिळत नाही. तरीही प्रत्येक संग्रहालयाच्या वापराच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचा. मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये आणि क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयाने २०१९ मध्ये आपल्याकडच्या मुक्त कलाकृतींची छायाचित्रं 'सीसी झीरो'खाली खुली केली. म्हणजे ती परवानगी न घेता, विनामूल्य, अगदी विक्रीसाठीही वापरता येतात. क्लीव्हलँडकडे इंग्रज चित्रकार टर्नर यांचं जळत्या ब्रिटिश संसदेचं चित्र आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे त्यांचंच चांदण्यात कोळसा भरणाऱ्या होड्यांचं १८३५ चं चित्र आहे, तेही मुक्त आहे. सुरुवात करणाऱ्याला यांत निवडीला भरपूर वाव आहे.

छायाचित्र कधीचं आहे हेही पाहा. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा यांचं 'जनतेला वाट दाखवणारी स्वतंत्रता' (१८३०) पिवळ्या पडलेल्या वॉर्निशच्या अनेक थरांखाली होतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने ते स्वच्छ केलं आणि मे २०२४ मध्ये पुन्हा भिंतीवर लावलं. चित्रात स्त्रीरूपात दाखवलेल्या स्वतंत्रतेचा जो अंगरखा सगळे पिवळा समजत होते, तो फिकट राखाडी निघाला, त्यावर पिवळ्याचा नुसता स्पर्श. जुन्या फाइलवरून छापलेली प्रिंट म्हणजे वॉर्निशचीही प्रिंट. काहींना तो मधासारखा उबदार रंग आवडतो, त्यांनी जुनी फाइल जरूर घ्यावी, पण जाणूनबुजून.

तिसरी पायरी: पिक्सेलचा हिशेब

हा हिशेब कागदावर एकदा स्वतः करा, पुढची निम्मी फसवणूक टळते. सेंटिमीटरला २.५४ ने भागलं की इंच मिळतात, इंचांना ३०० ने गुणलं की हवे तेवढे पिक्सेल. आपल्या चित्राची रुंदी ४३.८ सेंटिमीटर, म्हणजे १७.२४ इंच, म्हणजे सुमारे ५,१७० पिक्सेल. इंचाला २०० पिक्सेल धरले तर ३,४५० पुरतात, आणि हातभर अंतरावरून फरक ओळखणं कठीण जातं. २०० च्या खाली मी छोट्या चित्रासाठी जात नाही, कारण छोटं चित्र लोक नाक लावून बघतात. टर्नर यांचं 'फायटिंग टेमेरेअर' (१८३९) १२१.६ सेंटिमीटर रुंद आहे. ते लोक दोन मीटरवरून पाहतील, तिथे इंचाला १५० पिक्सेल, म्हणजे सुमारे ७,१८० पिक्सेल चालतात.

पिक्सेल कमी पडले तर प्रिंट लहान करा. फाइल फुगवणारी साधनं आता सहज मिळतात, पण ती रिकामी जागा अंदाजाने भरतात. ओकच्या सालीत ती अशा रेषा घालतात ज्या फ्रीडरिश यांनी काढलेल्या नाहीत, आणि जुन्या रंगाला पडलेल्या बारीक भेगांचं जाळं ती एक तर पुसतात किंवा त्याची नक्षी करून टाकतात.

फाइल शंभर टक्क्यांवर मोठी करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरा. आभाळात चौकोनी ठोकळे दिसले तर ती फाइल फार दाबलेली आहे, दुसरी शोधा. भेगा आणि कॅनव्हासचा पोत दिसला तर उत्तम.

आता लांबी-रुंदीचं प्रमाण. ए-थ्री, ए-टू या कागदांचं प्रमाण १.४१ असतं. टेमेरेअरचं १.३४ आहे. ते ए-मापात कडेपर्यंत बसवलं तर मूळ चित्रातलं पावणेपाच सेंटिमीटर आभाळ किंवा पाणी कापलं जातं. छपाईवाल्याला स्पष्ट सांगा: कापायचं नाही, ताणायचं नाही, चारही बाजूंना किमान तीन सेंटिमीटर कोरा कागद सोडायचा. ही कोरी पट्टी पुढे चौकट करताना लागते आणि प्रिंट हाताळताना बोटं तिथेच धरायची असतात.

चौथी पायरी: कागद आणि शाई

'जिक्ले' हा शब्द तुमच्या कानावर पडेल. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून १९९१ मध्ये जॅक डुगान या छपाईकाराने तो घडवला, इंकजेटवर छापलेल्या कलाप्रतींना वेगळं नाव हवं म्हणून. आज तो कुणीही कशालाही लावू शकतो. म्हणून शब्दावर न जाता तीन गोष्टी विचारा. शाई पिगमेंटची (रंगाच्या बारीक कणांची) आहे की डायची (विरघळलेल्या रंगाची)? पिगमेंटचीच हवी, डायची शाई बहुतेक वेळा लवकर उडते. कागद शंभर टक्के कापसाचा, आम्लमुक्त आहे का? आणि त्यात कागद पांढराशुभ्र दाखवणारं रसायन घातलं आहे का? शेवटचं तपासायला अतिनील किरणांची छोटी विजेरी पुरते. अंधारात कागदावर धरली आणि कागद निळसर चमकला, तर रसायन आहे. ते काळाच्या ओघात निकामी होतं आणि कागद पिवळट दिसू लागतो. शिवाय फ्रीडरिश यांच्या उबदार संध्याकाळीला तो निळसर पांढरा शोभतही नाही.

मॅट की चमकदार, हा निर्णय मात्र सावकाश घ्या. माझी पहिली प्रिंट इथेच बिघडली. मॅट कागद पडलेल्या प्रकाशापैकी साधारण २ टक्के प्रकाश काळ्यातूनही परत पाठवतो. बॅरायटा कागदावर, म्हणजे ज्यावर बेरियम सल्फेटचा थर दिलेला असतो त्यावर, हेच प्रमाण १ टक्क्याहून कमी असतं. आकडे लहान वाटतात, पण गडद भागात सगळा खेळ याच उरलेल्या जागेत होतो. काळा जितका खोल जाईल, तितक्या जास्त छटा त्याच्या वर मांडता येतात. मूळ तैलचित्रावर वॉर्निश असतं, त्यामुळे त्याचा काळाही खोल दिसतो. म्हणून रात्रीच्या, वादळाच्या, आगीच्या चित्रांना मी बॅरायटा सुचवेन. धुक्याच्या चित्राला, जिथे सगळा भर फिकट राखाडीवर आहे, कापसाचा मॅट कागद फार सुंदर दिसतो. धुकं कागदातच मुरल्यासारखं वाटतं.

कॅनव्हासवर छापण्याचा मोह बहुतेकांना होतो, कारण मूळ चित्र कॅनव्हासवर आहे. मी छोट्या चित्रासाठी तो टाळतो. फ्रीडरिश रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक देत असत. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे. छपाईच्या कॅनव्हासची वीण त्याहून जाड असते आणि ती खांद्यावरच्या त्या हाताएवढे बारीक तपशील खाऊन टाकते. मोठ्या चित्राला कॅनव्हास घेतलाच, तर लाकडी चौकटीवर वळवण्यासाठी जादा कड आधीच ठेवायला सांगा, नाहीतर चित्राचीच कड मागे वळते. वरून पारदर्शक जेलचे फराटे मारून 'हाताने रंगवल्यासारखं' करून देतात, ते नको. ते फराटे टर्नर यांच्या कुंचल्याच्या वाटेने जात नाहीत.

पाचवी पायरी: आधी नमुना छापा

घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

आपला पडदा बहुधा फार उजळ असतो. तो उजेड मागून येतो, कागदावरचा समोरून पडतो, म्हणून प्रिंट नेहमी अपेक्षेपेक्षा काळी वाटते. पडद्याचा उजेड प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेलापर्यंत (कँडेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) खाली आणा. मोजायचं साधन नसेल तर पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत उजेड कमी करा. छपाईवाल्याकडून त्या कागदाचं आणि त्या यंत्राचं रंग-प्रोफाइल, म्हणजे त्यावर कोणता रंग कसा उमटतो हे सांगणारी छोटी फाइल, मागून घ्या. ते लावून फाइल पाहिली की कागदावर काय उरणार याचा बराच अंदाज येतो. 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू ठेवायला सांगा, म्हणजे मूळ फाइलमधला सर्वांत गडद काळा कागदाच्या सर्वांत गडद काळ्याशी जुळवला जातो आणि सावल्या तळाशी चिकटत नाहीत. आणि आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद ठेवायला सांगा. ते यंत्र संध्याकाळ पाहून तिची दुपार करतं.

मग चित्रातले तीन तुकडे निवडा, खऱ्या मापाचे, कापून घेतलेले. आपल्या चित्रात एक दोघांच्या कोटांचा आणि खांद्याचा, एक चंद्राभोवतीच्या आभाळाचा, एक ओकच्या मुळांचा. प्रत्येकाचे तीन नमुने एकाच कागदावर छापा: जसं आहे तसं, सावल्या थोड्या उचललेल्या, आणि अजून थोड्या उचललेल्या. सगळं चित्र उजळ करू नका, फक्त तळातल्या छटा. नमुने एक दिवस वाळू द्या, शाई बसेपर्यंत रंग थोडे हलतात. नंतर ते दिवसाउजेडी पाहा आणि चित्र लागणार आहे त्याच जागी, तिथल्याच दिव्याखालीही पाहा.

मी पहिल्यांदा असे नमुने पाहिले तेव्हा खांद्याच्या तुकड्याच्या मधल्या नमुन्यात हात दिसला. तिसऱ्यात तो आणखी स्पष्ट होता, पण तिथे संध्याकाळ संपली होती आणि सगळं राखाडी झालं होतं. मी मधला घेतला. आभाळाच्या तुकड्यात पट्टे पाहा. चंद्राभोवतीची उजळी सलग विरत न जाता पायऱ्यापायऱ्यांनी उतरत असेल, तर बदल १६ बिटमध्ये, म्हणजे जास्त छटा साठवणाऱ्या फाइलमध्ये, करा आणि छापण्याआधी अगदी बारीक दाणा मिसळा. पट्टे जातात.

नमुन्यांवर इतका वेळ घालवणं हा आजचा हट्ट नाही. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी आपल्या निसर्गचित्रांच्या मेझोटिंट प्रती डेव्हिड ल्यूकस या कोरीवकाराकडून करून घेतल्या, त्या १८३० ते १८३२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मेझोटिंटमध्ये तांब्याचा किंवा पोलादाचा पत्रा आधी पूर्ण काळा छापेल असा खरखरीत करतात आणि मग घासून घासून उजेड बाहेर काढतात. कॉन्स्टेबल एकेका पत्र्याचे नमुने परत परत मागवत आणि दुरुस्त्या सांगत राहत. अंधारातून उजेड काढायला चित्रकाराला स्वतःलाही इतक्या खेपा लागल्या, तर आपण तीन तुकड्यांवर कंटाळू नये.

सहावी पायरी: चौकट आणि जागा

आलेली प्रिंट गुंडाळीतून लगेच ताणून सपाट करू नका. स्वच्छ कागदामध्ये ठेवून वर सपाट वजन द्या, दोन दिवसांत ती सरळ होते. छापलेल्या भागाला बोट लावू नका, मॅट कागदावरचा ओरखडा कायमचा राहतो. काचेआड घालण्याआधी किमान एक दिवस उघडी ठेवा, नाहीतर शाईतला ओलावा काचेच्या आतून धुक्यासारखा बसतो.

माउंट, म्हणजे चौकटीच्या आत प्रिंटभोवती येणारा जाड पुठ्ठा, आम्लमुक्त हवा. प्रिंट त्याला फक्त वरच्या कडेने, दोन छोट्या बिजागऱ्यांसारख्या कागदी पट्ट्यांनी लटकवायची. पूर्ण पाठ चिकटवली की हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो आणि लाटा येतात. ४३.८ बाय ३४.९ ची प्रिंट ६० बाय ५० च्या तयार चौकटीत चारही बाजूंनी सुमारे आठ सेंटिमीटरचा माउंट सोडून बसते. माउंट शुभ्र घेऊ नका, शेजारच्या शुभ्रामुळे चित्रातला चंद्र मळका दिसतो. किंचित पिवळसर किंवा राखाडी बरा. काच प्रिंटला टेकता कामा नये. गडद चित्रावर साधी काच आरशासारखी वागते, चंद्राच्या जागी खिडकी दिसते. चौकटीवर करायचा खर्च कमी करून तो परावर्तन रोखणाऱ्या काचेवर करा.

थेट ऊन पडेल अशी भिंत टाळा. संग्रहालयं कागदावरच्या कलाकृतींना साधारण ५० लक्सइतकाच (लक्स हे पडणाऱ्या प्रकाशाचं एकक) प्रकाश देतात. घरात इतकं काटेकोर राहता येत नाही, पण सूर्यप्रकाश टाळणं जमतं. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की उभ्याने पाहणाऱ्याची नजर सहज त्यावर पडते. हे छोटं चित्र मात्र बसायच्या जागेजवळ, थोडं खाली लावलं तरी छान. त्याच्याजवळ जावं लागतं.

तयार प्रिंट विकत घेत असाल तर '२५० पैकी १२' अशा क्रमांकासाठी जास्त पैसे देऊ नका. जिवंत कलाकार स्वतः ठरवून, सही करून मर्यादित प्रती काढतो तेव्हा त्या आकड्याला अर्थ असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्राची खुली फाइल उद्या कुणीही छापू शकतो. कागदाचं नाव, शाईचा प्रकार आणि मूळ फाइल कुठून घेतली हे लिहून देणारा विक्रेता मला प्रमाणपत्र देणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

नमुन्यांच्या पट्ट्या टाकून देऊ नका. एका पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून ती उन्हाच्या खिडकीत ठेवा, मागे तारीख लिहा. काही महिन्यांनी पुठ्ठा काढून झाकलेला आणि उघडा अर्धा शेजारीशेजारी पाहा. पुढची प्रिंट त्याच छपाईवाल्याकडे करायची की नाही, ते ती पट्टी सांगेल.